शेवटचं पान

९ जानेवारी १८८८
बॉस्टनहून संपादकांचं पत्र. माझी गोष्ट आवडली — पण! त्यांचा हा ‘पण’ नेहमीचाच. “त्या आजारी बाईला मारू नका. आमचे वाचक शेकोटीपाशी बसून मोठ्याने वाचतात, मुलं ऐकत असतात.”
मारणारी मी कोण? क्षयाने माणसं मरतात. उत्तर टाकलं — एक ओळ बदलणार नाही. मी डोळ्यांनी बघते तेच लिहिते.

१७ जानेवारी
डॉक्टर ट्विचेल लुसिंडाला तपासून गेले. बाहेर घोड्यावरची घोंगडी काढता काढता मला म्हणाले, “दारातला लिलॅक फुलेपर्यंत. त्यापुढे नाही. आणि हल्डाबाई, बहिणीला कळता कामा नये. कळलं की माणूस हातपाय गाळतं.”
म्हणजे मेअखेर. आत येऊन मी बटाटे सोलले.
लुसिंडा एझ्राला पत्र लिहीत होती. तो एप्रिलमध्ये नेब्रास्काला चाललाय, तिकडे जमीन मिळतेय. लग्न करून हिला नेणार म्हणतो. “मी बरी होईन की नाही कुणास ठाऊक,” ही म्हणाली. “त्याला कशाला अडकवू? मोकळा करते.” पत्र लिहिते आणि उशीखाली ठेवते. धाडवत नाही.
तिचंच बरोबर आहे.

१८ जानेवारी
बर्फ. खोकला.

२ फेब्रुवारी
मूर्ख आहे मी, ठार मूर्ख! लुसिंडा म्हणाली, “तुझी गोष्ट आली की आधी मी वाचणार हं! पाद्रीणबाईंच्या हातात पडायच्या आत.”
गोष्टीतल्या त्या बाईत सगळं हिचंच आहे. खोकून झाल्यावर माफी मागितल्यासारखं हसणं, रजईवरचा शाईचा डागसुद्धा. आणि शेवटच्या पानावर ती मरते. गोष्ट परत मागवावी, तर हिने गावभर सांगून ठेवलंय.

३ फेब्रुवारी
शेवटचं पान नवीन लिहून धाडलं. बाई बरी होऊन अंगणात येते. लिहिताना स्वतःची किळस आली. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं — तेवढं तरी खरं राहू दे.

१४ फेब्रुवारी
संपादक खूश. “आता कशी हृदयाला भिडते!” भिडू दे.

२४ मार्च
अंक आला. लुसिंडाने दोनदा वाचला. मी उगाच भांडी घासत राहिले. मग हाक आली, “अगं हल्डा, ही मीच ना? डागसुद्धा माझाच!”
हो म्हटलं.
“जन्मात कधी खोटं लिहिलं नाहीस तू. चर्चच्या डीकनच्या बायकोने बोलणं टाकलं, तरी तिच्यावर लिहिलेला शब्द मागे घेतला नाहीस. म्हणजे डॉक्टर बोललेत तुझ्याशी! इतकी चांगली गोष्ट माझ्यापासून लपवायची?”
तिचे गाल लाल झाले होते. तो ताप होता, मला कळत होतं. आत्ता सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा टाकू?”
उशीखालचं पत्र तिने चुलीत घातलं.

६ मे
आज चर्चमध्ये लग्न जाहीर झालं. लुसिंडा आणि एझ्रा, बारा जून. तो नेब्रास्काला गेलाच नाही, जमीन दुसऱ्याने घेतली. डॉक्टर वळून माझ्याकडे बघत राहिले.
घरी आलो. लिलॅकला कळ्या आल्यात.