मोरीचा उतार

तात्या, मोरीत अजून पाणी साचतं. दाराच्या कोपऱ्यात, जिथं साचायला नको नेमकं तिथंच. आईची आंघोळ झाली की ती स्टुलावरून उठते, भिंतीला हात टेकते आणि खराट्यानं ते पाणी जाळीकडे लोटते. मी शनिवार-रविवारी आले की मी लोटते. तुम्ही असता तर दारात उकिडवे बसला असता, तांब्याभर पाणी ओतलं असतं आणि ते कुठं जातंय ते बघत राहिला असता. दुसऱ्याचं काम असो की स्वतःचं, तुमची परीक्षा तीच. पाणी खोटं बोलत न्हाई, असं तुम्ही म्हणायचा. एवढंसं वाक्य, पण मी ते उभ्या जन्मात इतक्यांदा वापरलं की आता तोंडात आलं तरी कडू लागतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझेच केस पिकलेत. घोडेगावला सरकारी कचेरीत बिलं तपासते. गटाराचं काम असो, शाळेच्या खोलीचं असो, अर्धवट दिसलं की शेवटचं बिल अडवायचं, ही माझी नोकरी. आणि ती मी चोख करते. ठेकेदार माझ्यामागं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, बापाला सांगण्यासारखं नाही. मला त्याचा अभिमानच वाटायचा. गवंड्याची पोर आहे, मला कोण फसवणार, अशी ताठ मान करून मी साइटवर जायची. बरोबर पाण्याची बाटली न्यायची, तुमच्या तांब्याच्या जागी.

परसातली मोरी तुम्हाला आठवत असेल, शहाबादी तुकड्यांची. तिथं आई घसरली आणि मनगट मोडून बसली. मग मागच्या पडवीत बाथरूम करायचं ठरलं, आणि गवंडी कोण हा प्रश्नच नव्हता. मामा. पंचविशीच्या आत तुमच्या हाताखाली माल कालवायला आलेले, तुम्ही ज्यांच्या हातात थापी दिली ते. आईला सख्खा भाऊ नाही, म्हणून दर भाऊबिजेला पेठ गावाहून चालत यायचे आणि ओवाळून घेऊन जेवून जायचे. तुम्ही गेल्यावरही त्यांनी एक वर्ष चुकवलं नाही. आता पासष्टीला आलेत. मी म्हटलं, मामा, तात्यांसारखं काम पाहिजे. ते हसले. "तात्यावानी कुनाला जमतंय ताई? पर करतो," म्हणाले.

तरी मी कागद केला. सवय जात नाही. कोणतं काम, किती दिवसांत, पैसे कधी कधी, आणि शेवटचे पैसे काम पुरं झाल्यावरच, असं सगळं वहीच्या पानावर लिहिलं आणि मामांपुढं ठेवलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "भावासंगं कागुद करती व्हय गं?" एवढंच ती बोलली. मी म्हटलं, भावाभावांतच कागद लागतात, तालुक्याला जाऊन बघ. मामांनी काही वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि सही केली. ती ओळीवर न येता तिरकी खाली उतरली होती.

भिंती झाल्या, टाइल्स झाल्या. टाइल्सच्या सांध्यात जरा मागंपुढं होतं, पण मी बोलले नाही. मग मी रजेवर घरी असताना खालची फरशी बसली. दोन दिवसांनी मी तांब्या घेऊन दारात बसले आणि पाणी ओतलं. ते जाळीकडे दोन वीत गेलं, थबकलं आणि वळून माझ्याच पायांकडे आलं. मामा मागं उभे होते. त्यांना म्हटलं, बघा. ते वाकले, पण पाण्याकडे न बघता त्यांनी बोटं फरशीवर टेकवली आणि पाणी कुठं लागतंय ते चाचपलं. मग म्हणाले, दोन दिसांत फोडून नीट करून देतो. नळ जोडायचा राहिला होता, दाराची चौकट हलत होती, तेही करतो म्हणाले. ते दोन दिवस अजून उजाडायचेत, तात्या. आधी फोनवर उद्या येतो म्हणायचे, मग फोनच उचलेनात. मधे एकदा आईकरवी मामांचा निरोप आला, उरल्या पैशांतले थोडे देता का म्हणून. मी साफ नाही म्हटलं. काम पुरं तर पैसा पुरा. हेही तुमचंच.

आणि या सगळ्यात माझ्या डोळ्यांपुढं सारखा जुन्नरचा तो दिवस होता. मी दहा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी, आणि तुम्ही मला एसटीनं जुन्नरला घेऊन गेलाय, कारण मालक आज शेवटचे पैसे देणार आणि तुम्ही मला चपला घेणार. मालक पैसे देत नाही. तो आम्हाला मागच्या मोरीत नेतो आणि बादली उपडी करतो. पाणी उंबऱ्याशी येऊन थांबतं. मालक हात बांधून उभा आहे, मालकीण पदर तोंडाला लावून. तुम्ही बसता, पाण्यात बोट बुडवता, उठता आणि पहार मागता. "चूक माझी हाय," तुम्ही म्हणता, आणि ती नवी कोरी फरशी घाव घालून फोडता. मामा, तेव्हा पोरसवदाच, भिंतीला टेकून उभे, खाली मान घालून. हातही लावत नाहीत. संध्याकाळपर्यंत तुम्ही नवा उतार काढून देता आणि त्या दिवसाचं काहीच मागत नाही. चपला राहतात. परतीच्या एसटीत मी म्हणते, मामा तर नुसतेच उभे होते, कामचुकार. तुम्ही माझ्याकडे असं बघता की मी खिडकीला चिकटते. "गप. तुला काय कळतंय त्यातलं." जन्मात तुम्ही मला एकदाच असं बोललात. मी धरून चालले की तुम्ही दमला होता. मग नारायणगावला उतरून तुम्ही मामांना आधी चहा पाजलात, मग मला बिस्किटाचा पुडा घेतलात, आणि मी रुसून तो तसाच घरी आणला.

तर एका शनिवारी मी मंचरच्या हार्डवेअरच्या दुकानात नळ घ्यायला गेले. मामांनी जोडला नाही तर दुसऱ्याकडून जोडून घेऊ म्हणून. तिथं मामा उभे. दुसऱ्या कुणाच्या कामाचं सिमेंट घ्यायला आले होते. दुकानदार, दोन गवंडी आणि एक टेम्पोवाला. माझा आवाज ऐकून मामा कसनुसं हसले, आणि त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. माझं काम टाकून हे दुसरीकडे. मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "मामा, उतार जमत नसेल तर थापी खाली ठेवा. लोकांच्या घरात पाणी का तुंबवता? माझ्या बापानं स्वतःची चुकलेली फरशी स्वतः फोडली होती. तुम्ही बघत उभे होतात. शिकला नाहीत काही."

टेम्पोवाला हसला. मामांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझा आवाज आला त्या बाजूला बघितलं. "बरोबर हाय तुमचं, ताई," म्हणाले. सिमेंटची गोणी तिथंच राहिली आणि ते रस्त्याच्या कडेनं चालत गेले. दुकानदार मला म्हणाला, बरं झालं बोललात, एवढ्यात त्यांच्या कामाच्या लई तक्रारी यायला लागल्यात. मला बरं वाटलं, तात्या. नळ घेतला, घासाघीस करून घेतला आणि घरी आले.

गवंड्याला कुणी महाग म्हटलं तर चालतं, उशीर करतो म्हटलं तरी चालतं. पण याला उतार काढता येत नाही हे एकदा बाजारात गेलं की संपलं. हे मला कळत होतं, मी तुमच्याच घरात वाढलेय. पंधरा दिवसांत गिरणीत दळण टाकायला गेलेल्या आईच्या कानावर आलं की मामांना कुणी बोलवत नाही, घरी बसून असतात. आणि का, तेही आलं.  ती रात्रीचं जेवली नाही, बास. सकाळी मला म्हणाली, त्याचे राहिलेले पैसे घे आणि जाऊन ये. मी म्हटलं, काम कुठं पुरं झालंय? ती म्हणाली, "मी तुला इचारलं न्हाई."

मी गेले. ओट्यावर मामी लसूण निवडत होत्या. मामा आत खाटेवर. मामींनीच सांगितलं. काचबिंदू. एक डोळा पुरा गेलाय, दुसऱ्याला मधलं तेवढं दिसतं, तेही धुरकट. गेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. वर्षभरापासून माहीत होतं, पण नजर गेल्याचं कळलं तर काम कोण देईल, म्हणून घरातल्या घरात ठेवलं. माझ्याकडून पैसे मागितले होते ते डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांसाठी. फरशी फोडायला येत नव्हते, कारण फोडली तरी पुन्हा तशीच बसणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मी खाटेशी बसले आणि पैशांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. माझं चुकलं, मी म्हणाले. तात्या असते तर त्यांनी मला उभी सोलली असती, असंही म्हणाले. मामांनी पाकीट चाचपलं आणि माझ्या मांडीवर परत ठेवलं. "काम पुरं झालं न्हाई ताई. पैसा कशाचा?"  मग म्हणाले, "तुमी त्या दिशी बोलला त्यात खोटं काय बी नव्हतं. फकस्त येक सांगतो. ती जुन्नरची मोरी तुमच्या बापाची न्हाई. माझ्या हातची व्हती. माझं पयलं काम. तात्यांनी मालकापुढं चूक माझी हाय म्हनून पहार हातात घेतली. मी फोडाया पुढं झालो तर डोळ्यानं दटावलं, का तर मालकाला कळंल. परत कंदी त्यावर बोलले न्हाईत. मलाबी न्हाई."

मला तेव्हा एसटीची ती खिडकी आठवली, आणि तुमचं ते गप. चाळीस वर्षं मी तुमची अर्धीच गोष्ट घेऊन फिरत होते, तात्या, आणि त्या अर्ध्यानंच मामांना मारलं. चुकलेली फरशी फोडायची एवढंच मी तुमच्याकडून घेतलं. ज्यानं चुकवली त्याचं नाव आपल्या तोंडून बाजारात जाऊ द्यायचं नाही, ते राहिलं. मी तिथंच रडले. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आधी कानावर पडला, मग वर सरकला.

मी दुसरा गवंडी आणला होता. आईनं त्याला चहा पाजून परत पाठवला. "ऱ्हाऊ दे. त्याच्या हातचं शेवटचं हाय," म्हणाली. मी म्हटलं, घसरशील पुन्हा. ती म्हणाली, लोटीन पाणी. यंदा भाऊबिजेला तिनं तिसऱ्या प्रहरीच ताट तयार करून ठेवलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले तर मामी दारात येऊन म्हणाल्या, ते झोपलेत. आत खाट वाजली, मी ऐकली. घरी येऊन आईला सांगितलं, बरं नाही त्यांना. दिवेलागणीपर्यंत ती ताटापुढं बसून होती. मग तिनं देवापुढं निरांजन ओवाळलं आणि अक्षता कोपऱ्यातल्या फळीवर तुमची थापीची पिशवी आहे ना, तिच्यावर टाकल्या. सुपारी अजून ताटातच आहे.

आता दुपार आहे. आई जेवून आडवी झालीय आणि मी पडवीत बसून हे लिहितेय. हे कुठं पोचायचं नाही मला माहीत आहे, लिहून झालं की त्याच पिशवीत ओळंब्याखाली ठेवीन. पण ठेवण्याआधी एक दुरुस्ती करायचीय. मामांच्या नजरेचं मला मामींकडून कळलं, असं मी आईला सांगितलंय, आणि वर तुम्हालाही तसंच लिहिलंय. ते तसं नाही. फरशी बसवायच्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तेव्हा मामा पाणसळ पार नाकाशी धरून तिच्यातला बुडबुडा शोधत होते. सापडेना. मग त्यांनी पाणसळ खाली ठेवली आणि ओल्या सिमेंटवरून हळूहळू तळहात फिरवत बसले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं, आणि कामचुकारपणाचं बिल अडवता येतं, आजाराचं येत नाही. मी कप खिडकीत ठेवला आणि आवाज न करता परत फिरले. दुकानात बोलले तेव्हा मला माहीत होतं, तात्या.