पुढचा जिना

श्योनेबर्ग,
सोमवार, १२ ऑक्टोबर १८७४

प्रिय मिन्नाताई,

देवाच्या कृपेनं आम्ही खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याला उतार असेल अशी आशा करते. ईस्टरपासून तुझं पत्र नाही. का नाही, ते मी विचारत नाही.

बातमी अशी, की आमच्या हेडविगचं लेफ्टनंटसाहेबांशी जुळत आलेलं लग्न मोडलं. हळहळू नकोस, इथे कुणीच हळहळत नाही.

बटाट्याचं शेत इमारतवाल्यांना विकून आम्ही या घरात आलो खरं, पण मोलकरीण साबण फार उधळते. म्हणून शनिवारी पुढच्या जिन्याच्या पायऱ्या मीच पुसत होते. तेवढ्यात लेफ्टनंटसाहेबांच्या मातोश्री रेशमी झगा सावरत, एका मैत्रिणीसोबत वर आल्या.

"मुलगी गोड आहे हो," त्या मैत्रिणीला सांगत होत्या, "बापही पैसेवाला. आईचं तेवढं बघावं लागेल. लग्नानंतर तिला मागच्या जिन्यानं घ्यायचं, नोकरांसारखं. कॉफी स्वयंपाकघरातच!" मग मला म्हणाल्या, "ए बाई, बादली सरकव."

"सरकवते, बाईसाहेब," मी म्हटलं. "ती आई मीच. पायरी ओली आहे, उतरताना जपा."

दोघी आल्या पावली खाली उतरल्या, आणि लग्न तिथंच मोडलं. वर दारात हेडविग उभी होती. किती महिन्यांनी हसली पोरगी! तिच्या बापानं, ऑगस्टनं, गळपट्टी काढून फेकली. "सुटलो गं! आता बटाटा सुरीनं कापू ना?" बटाट्याला सुरी लावणं गावंढळपणाचं, हे लेफ्टनंटसाहेबांनी शिकवलं होतं, तीस वर्षं बटाटे पिकवलेल्या माणसाला!

ताई, मला त्या बाईंचा राग आला नाही. कसा येणार? ईस्टरला तू अंड्यांची टोपली घेऊन आलीस, तेव्हा दिवाणखान्यात लेफ्टनंटसाहेब बसले होते. मी तुला मागच्या जिन्यानं घेतलं. स्वयंपाकघरात कॉफी दिली, तीही स्वस्तातल्या चिकोरीची. तुझ्यासोबत आलेल्या गॉटफ्रीट माळ्याला तर कपसुद्धा दिला नाही, कारण हेडविग त्याच्याकडे बघत होती. तू टोपली रिकामी केलीस आणि गेलीस. दर रविवारी चर्चमध्ये मी क्षमा मागते, पण जिला दुखावलं तिच्याकडे मागायला हवी, हे मला शनिवारी गुडघ्यांवर असताना कळलं.

येत्या रविवारी प्रार्थनेनंतर ये. गॉटफ्रीटलाही आण; हेडविगनं तीनदा बजावलंय. बुटांना माती असली तरी असू दे, पण दोघं पुढच्याच जिन्यानं या. मी खाली दारात उभी असेन. कॉफी दिवाणखान्यात, आणि चिकोरी न घातलेली.

तुला स्वयंपाकघरात बसवणारी
तुझी धाकटी बहीण,
ऑटिलिए