मार्शल मोर्लोक आणि बंदुकीची लांबी

बॉबलिंगेन,
२९ ऑगस्ट २०१६

तीर्थस्वरूप पद्माकरमामास तनयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. माझं टेबल नऊ आठवड्यांनी येणार आहे. इथे फर्निचर सांगितलं की बहुतेक आधी झाड लावतात. त्यामुळे मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितेय.) तुझा गुडघा कसा आहे? शुगर? यमुनामामी फोनवर म्हणाली की तू सकाळचं फिरणं बंद केलंस आणि संध्याकाळी गेटपाशी नुसता बसून असतोस, कुणाशी फार बोलत नाहीस. हे काही बरोबर नाही. चंद्रपूरच्या उन्हाला जो माणूस घाबरला नाही त्याने गुडघ्याला कशाला घाबरायचं? मी इकडे एकदम मजेत आहे, वजन वाढलंय, आईला सांगू नकोस.

व्हॉट्सॲप सोडून मी पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. माझं मराठी लिहिणं तुला माहीतच आहे, शाळेत थर्ड लँग्वेज होती आणि तीही आम्ही थर्डसारखीच वागवली. पण तूच म्हणायचास ना, जे कागदावर नाही ते घडलंच नाही. आणि जे घडलंय ते फोनवर मावणारं नाहीये. तर आधी एका वाक्यात सांगते, मग सविस्तर: मामा, तू जर्मन सिनेमात गेलास. म्हणजे तू नाही, तुझी सागवान चोरांची गोष्ट. आता ती सिनेमात राहणार की कापून टाकणार हे आठ ऑक्टोबरला मतदानाने ठरणार आहे, आणि मला त्याचं इतकं टेन्शन आलंय की मी ऑफिसात गाडीच्या ब्रेकच्या ड्रॉइंगवर चुकून "पंच क्रमांक एक" लिहून आले.

सुरुवातीपासून सांगते. माझे घरमालक हेर ग्रोसमान. (हेर म्हणजे इथे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.) वय बहात्तर, रिटायर्ड ड्राफ्ट्समन, पेन्सिलीला अजून रोज टोक करतात. मी या घरात आले त्या आठवड्यात तळघरात कपडे वाळत घालायला गेले, तर दोरीवर बारा काउबॉय हॅट क्लिपा लावून टांगलेल्या आणि वॉशिंग मशीनवर घोड्याचं खोगीर! मला वाटलं, गेलं डिपॉझिट, मी कुठल्यातरी गँगच्या घरात आलेय. पण तसं नव्हतं. इथे अशी माणसं खूप आहेत. सोमवार ते शुक्रवार कचेरीत बसतात आणि शनिवारी-रविवारी काउबॉय होतात, त्यांचा रीतसर रजिस्टर्ड क्लब असतो. इथे त्याला फेराइन म्हणतात, त्यात अध्यक्ष, खजिनदार, मिनिट्स सगळं असतं. (आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच, फक्त घोडे असतात आणि भांडणं कमी होतात.) हेर ग्रोसमान अध्यक्ष. आणि हा क्लब गेली पाच वर्षं एक सिनेमा काढतोय: "मार्शल मोर्लोक".

हा गॉटलिब मोर्लोक म्हणजे इथल्याच एका खेड्यातला, लाकडी पिंपं करणाऱ्याचा मुलगा. अमेरिकेला पळाला आणि कॅन्ससच्या पार टोकाला, जिथे कायदा संपतो आणि नुसतं गवत सुरू होतं, तिथे मार्शल झाला. मार्शल म्हणजे फौजदारच, फक्त दर तीन वर्षांनी बदली नाही. सिनेमा त्याच्या जन्मापासून शेवटच्या मोठ्या अटकेपर्यंत, चार भाग, तीन तास दहा मिनिटं. अटलांटिक महासागर आम्ही इथल्या तळ्यावर पेडल-बोटीला शिड लावून शूट केला. महासागरात बदकं दिसू नयेत म्हणून मी काठावरून पाव टाकून त्यांना फ्रेमबाहेर नेत होते, तर एका आजीबाईंनी येऊन मला बदकांच्या पचनावर पंधरा मिनिटं झापलं. माझं काम म्हणजे कंटिन्युइटी, कुणाचं कितवं बटण उघडं होतं, कुठला हात खिशात होता, सगळं वहीत टिपून ठेवायचं. हे मी तुझ्याकडूनच शिकले असं मी सगळ्यांना सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आम्हाला खोलीत एक मिनिट सोडायचास, मग बाहेर काढून विचारायचास, कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडतं? रुपेशदादा नेहमी चुकायचा.

तर या हेर ग्रोसमानचा नियम असा की पुराव्याशिवाय सीन नाही. मार्शलच्या कोटाला किती बटणं? फोटो जोडा. घोडा तपकिरी कशावरून? विक्रीची पावती जोडा. त्यांचा एक शब्द ठरलेला आहे, "क्वेले?" म्हणजे आधार काय. मी सकाळी गुटेन मॉर्गन म्हटलं तरी विचारतील अशी भीती वाटते. आता शेवटचा सीन असा होता की पाच दरोडेखोर दगडाच्या खाणीपाशी येतात, मार्शल एकटा, आणि तो त्या पाचांना पकडून गावात आणतो. त्या काळच्या पेपरात एवढंच छापलंय. कसं पकडलं, ते नाही. म्हणून क्लबने बारा मिनिटांचा गोळीबार ठरवला होता आणि आधार म्हणून सात पुस्तकं जोडली होती. निम्म्या मेंबरांनी तर त्या बारा मिनिटांसाठीच मेंबरशिप घेतलीय.

खोट्या गोळ्या उडवायलाही इथे परवानगी लागते. ती मिळाली होती शनिवारची. शनिवारी पडला धो धो पाऊस. रविवारी लख्ख ऊन, खाण रिकामी, आठ घोडे भाड्याने आलेले, तेवीस माणसं मिशा चिकटवून तयार. आणि बरोबर साडेदहाला शेजारच्या फार्मवरच्या फ्राऊ (म्हणजे श्रीमती) हेफेले सायकलवरून आल्या. सत्तरीच्या, काटक, हातात नियमांचा प्रिंटआउट. म्हणाल्या, रविवार म्हणजे रुहेटाग, शांततेचा दिवस. या दिवशी इथे लोक भिंतीत खिळा ठोकत नाहीत, आणि तुम्ही बंदुका उडवणार? हेर ग्रोसमाननी प्रिंटआउट वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, गेनाऊ, बाई बरोबर बोलतात. झालं. आवाज नंतर टाकू असं कुणीतरी म्हटलं, पण धूर कुठून आणणार, आणि खोटा धूर म्हणजे खोटा इतिहास. तरी एकदा रिहर्सल म्हणून तोंडाने करून पाहिलं. मामा, अकरा मोठी माणसं, त्यातला एक आजोबा झालेला, दगडांमागे लपून कुजबुजत "पेंग, पेंग" करतायत. (कुजबुजत, कारण फ्राऊ हेफेले अजून उभ्याच होत्या.) मी वहीत तोंड खुपसून हसले.

आणि मग मला आपल्या इराच्या लग्नातली पंगत आठवली. तुलाही आठवत असेल. तू ती सागवान चोरांची गोष्ट सांगायला सुरुवात केलीस आणि रुपेशदादा म्हणाला, "मामा, यंदा चोर किती?" अख्खी पंगत हसली. मीही हसले. तू उठून कूलरमध्ये पाणी ओतायला गेलास. त्यानंतर तू ती गोष्ट कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही. त्या खाणीत उभं राहून मला एकदम इतकं कसंतरी झालं की मी हात वर केला. (इथे बोलायच्या आधी हात वर करतात.) म्हटलं, हेर ग्रोसमान, माझा मामा पोलिसात होता, राज्याच्या सीमेवर, नदीकाठच्या चौकीत. सन त्र्याऐंशी. (मी नंतर आईला फोन करून खात्री केली, त्र्याऐंशी म्हणजे एटी थ्रीच ना.) सागवान चोरणारे सहाजण आणि त्यांच्याकडे एक भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक. मामाकडे एक हवालदार आणि त्याची काठी. मामाने बैलगाडीच्या रस्त्यात मधोमध टेबल टाकलं, खुर्ची टाकली, कार्बन घातला आणि गाडी समोर थांबल्यावर मान वर न करता विचारलं, "नाव? बापाचं नाव? वय? धंदा?" आणि त्यांनी सांगितलं! मग म्हणाला, पंचनाम्यात बंदुकीची लांबी लिहावी लागते, आणा इकडे. आणि त्यांनी दिली. मोजायला. म्होरक्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

मी थांबले तेव्हा कुणी हसलं नाही, हे मला तुला मुद्दाम कळवायचंय. तेवीस माणसांतलं एकही नाही. मग हेर ग्रोसमाननी हळू आवाजात विचारलं, "आणि लांबी किती भरली?" म्हटलं, चार फूट दोन इंच. त्यांनी मनातल्या मनात सेंटीमीटर केले, खिशातून पितळी घडीची पट्टी काढली (एकशे चाळीस वर्षं जुनी, तिचीही पावती आहे) आणि म्हणाले, टेबल आणा.

मार्शलचं काम करतो तो रुडिगर. खऱ्या आयुष्यात जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत आहे. घोड्यावर बसला की तो पोत्यासारखा दिसतो, पण त्या टेबलामागे बसला आणि मामा, माणूसच बदलला! टाक शाईत बुडवला, कागद सरळ केला. दरोडेखोरांचा म्होरक्या डेटलेफ, सहा फूट चार, धंद्याने खाटीक. त्याला आम्ही मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं की घोड्यावरून उतर आणि धमकाव. तो उतरला, बंदूक रोखली, डोळे वटारले. रुडिगरने मान वर न करता विचारलं: नाव? आणि त्याने सांगितलं! खरं नाव! डेटलेफ व्योर्नर, बापाचं नाव हेल्मुट, वय एक्कावन्न, धंदा खाटीक, दुकानाचा पत्तासुद्धा. मग रुडिगरने नुसता हात पुढे केला, "आल्झो," म्हणजे तर मग, लांबी, आणि त्याने बंदूक देऊन टाकली आणि पट्टीचं टोक धरून उभा राहिला. कॅमेरा चालू! नंतर बिचारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, तशा आवाजात कुणी विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. मामा, तुझी पद्धत जर्मनीत पहिल्या टेकला चालली.

दोन पंच लागतात म्हटल्यावर एक पंच घोडेवाला झाला आणि दुसऱ्या कोण? फ्राऊ हेफेले! त्यांच्या डोक्यावर जुन्या काळची बॉनेट टोपी बांधली, त्यांनी सही केली, आणि सहीखाली स्वतःहून वेळ टाकली, अकरा चाळीस. जाताना म्हणाल्या, रविवारी असंच शूटिंग करा, किती छान. आणि हेर ग्रोसमान खाणीच्या कडेला पाठ करून उभे होते, नाक शिंकरत होते. धुळीची ॲलर्जी म्हणाले. पाऊस आदल्या दिवशीच पडला होता, धूळ नव्हती.

आता प्रॉब्लेम. गोळीबारवाले नाराज आहेत. ते म्हणतात सप्टेंबरात परवानगी काढा आणि शेवट परत शूट करा, मार्शल काय टेबल-खुर्चीवर बसणार? मोजून पाहिलं तर अकरा मतं गोळीबाराला, अकरा पंचनाम्याला, आणि उरलेलं एक मत हेर ग्रोसमानांचं. त्यांना आपला सीन आवडलाय. पण ते ते आहेत. त्यांनी फाइलमध्ये नवीन टॅब लावलाय, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय "मामा, इंडिया", आणि त्यामागचं प्लास्टिकचं पाकीट रिकामं आहे. रोज जिन्यात भेटले की ते माझ्याकडे बघतात. विचारत नाहीत, पण मला ऐकू येतं.

असो. बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार, तिच्या लोणच्याची बाटली कस्टममधून सुखरूप आली म्हणून सांग. गुरुदत्तकाकांना (कुंपणावरून अजून तुझा पेपर नेतात ना?) माझी आठवण सांग. मी खूप खूश आहे आणि मला तुझा किती अभिमान वाटतो हे समोर असताना कधी बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुझी लाडकी,
तनया (कंटिन्युइटी)

ता. क. तर मामा, खरं काम हे आहे. पंचनाम्याची एखादी कार्बन कॉपी तुझ्या ट्रंकेत आहे का? वाळवीने खाल्लेली असली तरी चालेल, हेर ग्रोसमानना वाळवीचासुद्धा आधार चालेल.

ता. क. २. आईला ते त्र्याऐंशीचं विचारलं तेव्हा ती काय म्हणाली ते मला लिहायचं नव्हतं, पण तू म्हणायचास की जबाबात काही लपवायचं नाही. ती म्हणाली, "अगं, त्र्याऐंशीत पद्या कुठला नदीकाठी? तो हर्नियाचं ऑपरेशन करून चंद्रपूरला आवक-जावक बघत होता. दुसऱ्या कुणाचीतरी गोष्ट असेल ती." मी दोन दिवस विचार केला. आणि मग मला लक्षात आलं: मी पाच वर्षांची असताना चोर तीन होते. दहावीत पाच झाले. इंजिनिअरिंगला सहा, आणि इराच्या लग्नात तू बहुतेक नऊवर जाणार होतास. पण बंदूक? ती दर वेळी चार फूट दोन इंच. वीस वर्षांत अर्धा इंच हलली नाही. फेकणारा माणूस आधी बंदूक वाढवतो, मामा. हे मी आईला सांगितलं. तर ती म्हणाली, ऑपरेशन कदाचित ब्याऐंशीत झालं असेल.

ता. क. ३. कार्बन कॉपी नसेल तर सोबत एक फॉर्म जोडलाय, हेर ग्रोसमाननी स्वतः पट्टीने आखलाय. घटनेच्या वेळी हजर असलेल्या अधिकाऱ्याचं निवेदन, दोन साक्षीदार, सह्या. जे झालं तेवढंच लिही. चोर तीन असतील तर तीन लिही, मी इथे सगळ्यांना समजावते. साक्षीला मामी आणि गुरुदत्तकाका. लांबीचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवलाय, तो तुझ्या हातानेच भर. आणि धंद्याच्या रकान्यात "निवृत्त" लिहू नकोस. फौजदार लिही.