इस्त्रीयंत्र क्रमांक तीनच्या दांड्याचा उच्चार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : कारणे दाखवा नोटिशीस उत्तर, तसेच इस्त्रीयंत्र क्र. ३ बंदच ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जावक क्र. २१८.
२) माझे दोन तक्रार अर्ज. त्यांचे आवक क्रमांक मागूनही मिळाले नाहीत.

महोदय,

मी आपल्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चौदा वर्षे इस्त्रीयंत्रावर काम करते. मंगळवारी उच्चारसुधार वर्गातून परवानगीशिवाय उठून यंत्र क्र. ३ बंद पाडल्याबद्दल आपण मला खुलासा विचारला आहे. यंत्र मीच बंद केले. खुलासा पुढीलप्रमाणे.

१. सदर यंत्राला दोन तापते रूळ असून त्यांच्यामधून ओल्या चादरी जातात. बाजूला लोखंडी दांडा आहे. तो खाली दाबला की रूळ अलग होऊन थांबतात. हात अडकलाच तर माणसाला आधार तेवढाच. हा दांडा चार महिन्यांपासून अर्ध्यावर अडकत होता.

२. पहिल्या अर्जात मी "मशीनचा लिव्हर नीट काम करत नाही" असे लिहिले, कारण आम्ही सगळ्या तसेच म्हणतो. तो अर्ज बारा दिवसांनी पोटविकार विभागातून परत आला. त्यावर "रुग्णास प्रत्यक्ष घेऊन यावे" असा शेरा होता. तेव्हा मी हसले होते, याची आज लाज वाटते.

३. दुसरा अर्ज सुरक्षा समितीपुढे गेला. देखभाल अभियंत्यांनी त्यातला शब्द "लीव्हर" असा वाचला. नुकतेच परदेशातून शिकून आलेल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी "लेव्हर" अशी दुरुस्ती केली. दोघांनी आपापले फोन काढले. एका फोनमधली बाई एक बोलली, दुसऱ्यातली दुसरे. मग अभियंत्यांनी विचारले की आपण शेड्यूल म्हणता की स्केड्यूल, आणि पाऊण तास त्यातच गेला. मी दाराशी उभी होते. मी म्हटले, "साहेब, दांडा म्हणा, पण दुरुस्त करा." यावर समितीत हशा झाला. मागणीपत्रात भागाचे नाव देवनागरीत लिहावे लागते, सबब उच्चार निश्चित होईपर्यंत मागणी स्थगित, असा ठराव झाला. तो एकमताने झाला, हे विशेष.

४. त्यानंतर नवव्या दिवशी माझ्या नणंदेचा हात रुळांत गेला. ती यंत्राच्या पलीकडच्या बाजूला सहा वर्षे उभी राहत असे. चादरीची फाटकी किनार तिच्या बोटांत गुंतली आणि रुळांनी हात ओढला. मी "लिव्हर दाब" म्हणून ओरडले. तिने डाव्या हाताने दांडा दाबला. तो अर्ध्यावर थांबला. मी धावत जाऊन सगळा भार टाकला, तरी तो तसूभरही हलला नाही. मुकादमांनी लांबच्या भिंतीवरचे बटण बंद करेपर्यंत जे व्हायचे ते झाले होते. जळक्या चादरीचा वास मी चौदा वर्षे ओळखते. तो वास चादरीचा नव्हता. तिच्या उजव्या हाताची तीन बोटे काढावी लागली.

५. चौकशीत मला पहिला प्रश्न आला की मी नेमके काय ओरडले, लीव्हर, लेव्हर की लिव्हर. तो शब्द माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. लेखनिकाने तिन्ही वेळा तो वेगवेगळा लिहिला. निष्कर्ष असा काढला की, अप्रमाणित उच्चारामुळे सूचना वेळेत समजली नाही. नणंदेचा जबाब खाटेपाशी घेतला. ती म्हणाली, "वहिनींची हाक मला कळली होती. मी दांडा दाबलाही. तो हलला नाही." पुढची दोन वाक्ये अनावश्यक आहेत, ती गाळू, असे तिला सुचवण्यात आले. तिने सांगितले की डाव्या हाताने सही करीन, पण सगळ्याखाली करीन. त्यावर "सही करण्यास असमर्थ" अशी नोंद झाली. महोदय, गलिच्छ चादरी रोज हाताळून मला किळस उरली नाही असे वाटत होते. ती नोंद वाचून कळले की उरली आहे.

६. या निष्कर्षावरून उच्चारसुधार वर्ग निघाला. मंगळवारी आम्हा अकरा बायकांना चादरींच्या कोठीत बसवून, हातात आरसे देऊन, "लीव्हर" एका सुरात म्हणायला लावले. ओठ पुरेसे ताणले जात नाहीत, असे मला दोनदा सांगण्यात आले. भिंतीपलीकडे यंत्र क्र. ३ चालू होते. दांडा तोच होता. नणंदेच्या जागी चार दिवसांपूर्वी लागलेली बाई उभी होती, आणि तिला वर्गाला पाठवले नव्हते, कारण काम अडले असते. मला शिसारी आली. मी उठले, बटण बंद केले आणि फ्यूज काढून घेतला. ती बाई घाबरून म्हणाली, "मावशी, मला बोलणी बसतील." मी तिला सांगितले की माझे नाव सांग.

तरी विनंती की, दांडा दुरुस्त व्हावा, तोवर यंत्र बंदच ठेवावे आणि माझ्या नणंदेचा जबाब तिने दिला तसाच, तिन्ही वाक्यांसह, नोंदवून घ्यावा. माझ्यावर कोणती कारवाई करायची ते आपण ठरवावे.

फ्यूज माझ्यापाशी सुरक्षित आहे. मंगळवारपासून या यंत्रावरच्या चादरी इस्त्रीविना, हाताने घड्या घालून वॉर्डांत जात आहेत. आजपर्यंत एकाही रुग्णाने तक्रार केलेली नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, पण तोवर त्या यंत्रावर न जाणारी,
(सही)
इस्त्री कामगार, धुलाईघर
दिनांक : चालू महिन्याची १९ तारीख

सोबत : पोटविकार विभागाचा शेरा असलेला मूळ अर्ज, समितीचा ठराव.