मोठ्याने वाचलेला मेसेज

प्रिय हेतल,

राजश्री मावशीचा खेडहून फोन आला होता. तू डाव्या हाताने जेवतेस, असं म्हणाली. प्लास्टर ओलं करू नकोस, आंघोळीला तिची मदत घे, उगाच हट्ट नको. इथे मासेमारीची बंदी अजून उठलेली नाही. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्यात आणि बाप्ये शेडमध्ये जाळी दुरुस्त करत दुसऱ्यांच्या पोरांचे टक्के चघळत बसलेत. समुद्र बंद असला की ह्यांची तोंडं तेवढी चालू राहतात.

दहावीला तू एक्क्याण्णव टक्के काढलेस तेव्हा ह्यांनीच जेटीवर तुझ्या फोटोचा फलक लावला, भावी डॉक्टर म्हणून. तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तो फलक बघून माझी मान ताठ व्हायची, खोटं कशाला सांगू. अकरावीच्या अर्जात तू कला शाखा भरलीस, तुला इतिहास शिकायचाय, हे तू फक्त मला सांगितलंस. पप्पांना मी हळूहळू सांगते म्हटलं आणि रोज उद्यावर ढकललं. मी घाबरट आहे.

मग प्रवेशाच्या यादीचा मेसेज पप्पांच्या मोबाइलवर आला. जवळचं दिसत नाही, पण चारचौघांत चष्मा लावायची लाज, म्हणून त्यांनी तो भागोजीकाकांकडे वाचायला दिला. त्यांनी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा वाचला आणि वर म्हणाले, काय रे नितेश, तुझी डाक्टरीण आता मेलेल्या राजांची नाडी बघनार काय? सगळे हसले. पप्पा उठले ते वल्ह्याचा तुटका दांडा घेऊनच घरी आले.

पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा पोटरीवर. तिसरा तू हाताने अडवलास आणि हाड मोडलं. ते मोडताना ऐकू आलं. तू खाली पडलीस तरी लाथा थांबल्या नाहीत, ओठ फुटून तुझे दात लाल झाले होते. त्यांना दया आली नाही, ते दमले म्हणून थांबले. आता जामिनावर सुटून आलेत. काल त्यांनी तो फलक कोयतीने फाडला, मी मध्ये गेले तर माझं डोकं भिंतीवर आपटलं. चार टाके पडलेत. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते दुसरंच. मावशीने तुझा पोलिसांना दिलेला जबाब फोनवर वाचून दाखवला. त्यात तू सांगितलंस, आई तेव्हा बाजारात होती. बाय, मी घरात होते, तुझ्यापासून चार पावलांवर. दाराला कडी मी घातली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून टीव्हीचा आवाज मी वाढवला. तू माझ्याकडे बघून आई म्हणालीस, तेव्हा मी तो आणखी वाढवला. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी हे सगळं लिहून देणार आहे. ते तुला पुन्हा विचारतील. तेव्हा मला वाचवू नकोस.

तुझीच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
आई