आवरणाऱ्या पेशी

प्रिय दादा,

बाबांच्या जिभेवरची कॅन्सरची गाठ परत आली, तेव्हापासून मला तुझ्या बोलण्यात पाणी मुरतंय असं वाटत होतं. "अजून चाचणीत असलेलं नवं औषध नको," असं तू डॉक्टरीणबाईंना परस्पर का सांगितलंस?

बाईंनी काल मला समजावलं. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. एरवी त्या हव्याच, नाहीतर शरीर स्वतःवरच उलटेल. पण गाठीने त्यांनाच भोवती गोळा केलंय, म्हणून लढणाऱ्या थंड पडल्यात. नवं औषध या आवरणाऱ्यांना हटवू पाहतं. खात्री मात्र कुणी देत नाही.

मी बाबांना विचारलं, "नको असं तुम्ही म्हणालात?"

"मला कुणी विचारलंच नाही," ते अडखळत म्हणाले.

मी तावातावाने तुला फोन लावायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. "भांडू नकोस. आईच्या वेळी अशाच औषधाला हो त्यानेच म्हटलं होतं, आणि ती वाचली नाही. अजून भितो तो."

आज सकाळी त्यांनी स्वतः सही केली आणि पहिलं सलाईन लागलं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रविवारी तू आलास की बाबाच तुला सांगतील. मी तुझ्या शेजारी बसेन.

उगाच तुझ्यावर संशय घेत बसलेली,
धाकटी