न मोडलेला तुकडा

टोलेडो, ओहायो
१४ ऑक्टोबर १९८१

लाडक्या वेंडेलला,

तिकडे सगळे खुशाल असतील. इथे थंडी पडली. व्हिडिओ कॅसेटचं दुकान जोरात आहे. रे मोठ्या कॅसेटी एका भिंतीला लावतो, छोट्या दुसऱ्या भिंतीला. तरी गिऱ्हाईक आपल्या यंत्रात न बसणारीच सिनेमाची कॅसेट घरी नेतं आणि वर माझ्या नवऱ्यालाच झापतं.

बाबांची वाचा झटक्यानंतर गेली ती गेलीच. कळतं सगळं. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं तर याच आठवड्यात बोलवा.

तू बाबांच्या कॅसेटच्या पार्सलची वाट बघत असशील. ‘त्यांच्या तोंडून ऐकलं तरच येईन, तुझ्या शब्दावर नाही,’ असं लिहिलंस. बरोबरच आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी बोलावलंय म्हणून मीच थाप मारली. तू बायकोपोरांना घेऊन आलास आणि त्यांनी दार उघडलं नाही.

वेंडेल, कॅसेट पुसली गेली. तुझं यंत्र छोट्या कॅसेटचं, बाबा होते मोठीवर. म्हणून मी दोन यंत्रं जोडून उतरवायला बसले आणि वायरी उलट लावल्या; कोरी कॅसेटच बाबांच्या कॅसेटवर उतरली. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा काही चढत नाही. हे मी रोज गिऱ्हाइकांना बजावते. बाबांच्या कॅसेटचा मोडायचा राहिला. शेवटपर्यंत पडद्यावर नुसत्या मुंग्या बघत बसले मी, बाबा कुठे तरी उरले असतील म्हणून.

टपालात गहाळ झाली असं लिही, रे म्हणाला. तेवढं तुला पटलंही असतं.

जूनमध्ये मी नवा कॅमेरा तपासत होते. स्वयंपाकघरात बाबा आणि मी, दोघंच. कॉफी ढवळता ढवळता ते आपणहून बोलले: “वेंडेल संप मोडून कामावर गेला तेव्हा त्याचं पोर आजारी होतं. मला ठाऊक होतं. तरी चारचौघांत त्याला फितूर म्हणालो. चूक माझी.” मग म्हणाले, हे पाठवू नकोस, मीच फोन करीन. झटका येईपर्यंत रोज उद्यावर ढकलत राहिले.

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून हे तातडीच्या टपालाने. पुरावा नाही. खोटंच लिहायचं असतं तर याहून गोड लिहिलं असतं. त्यांनी ‘ये’ म्हटलं नाही, वेंडेल. ते मी म्हणतेय.

जिच्यावर तुझा विश्वास नाही ती तुझी बहीण,
लोर्ना